किशोरवयीन व्यसन आणि डिजिटल साधने

पंचशीलातील प्रत्येक शील हे 'सिक्खापद' आहे. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. शिक्षेचे कलम नव्हे. वसतिगृहांनी हा भेद ध्यानी घ्यावा, कारण शाळेतून नाव काढले जाण्याच्या भीतीनेच व्यसनात सापडलेले मूल गप्प राहते.

एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षे वयोगटात १.१७ टक्के होते. मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक असलेला हा एकमेव प्रकार. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन या वस्तू साध्या दुकानात मिळतात. दप्तरे तपासून त्या कितीशा सापडणार?

अमेरिकेत १९९५ साली १५ ते १९ वर्षांच्या मुलांच्या सर्वेक्षणात काहींना कागदी प्रश्नावली दिली. काहींनी हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तरे दिली. इंजेक्शनने अमली पदार्थ घेतल्याची कबुली संगणकावर तिप्पटीहून अधिक मिळाली. वाचनाची अडचण नाही, उत्तरपत्रिका कोणाच्या हाती पडण्याची धास्ती नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे महत्त्वाचे वाटते: साक्ष कोणासमोर दिली जाते, यावर तिचे स्वरूप ठरते.

'क्राफ्ट' नावाची चाचणीही संगणकावर सोडवता येते. १२ ते २१ वयासाठीच्या या चाचणीत मोजके प्रश्न असतात. नशेतल्या चालकाच्या वाहनात बसलास का, एकटा असताना घेतोस का, घेतल्यावर काय केले ते विसरतोस का, असे. दोन वा अधिक 'होय' आले की पुढील तपासणी आवश्यक ठरते. हे निदान नव्हे, आणि ही उत्तरे मुख्याध्यापकांच्या दफ्तरात तर मुळीच जाऊ नयेत; समुपदेशकापर्यंतच राहावीत. अन्यथा पुढच्या वर्षी सारे 'नाही' म्हणतील.

यंत्र एवढेच करू शकते. व्यसन सुटण्यासाठी माणूस लागतो, अनेकदा डॉक्टरही. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि ऑक्टोबर २०२२ पासूनची 'टेलि-मानस' सेवा १४४१६, या दोन्ही विनामूल्य आहेत. परंतु निवासी शाळेतील मुलाकडे मोबाइल नसतो. कार्यालयातील फोन अधीक्षकांच्या टेबलावर असतो. माजी विद्यार्थी संघाने देणगी द्यायचीच असेल, तर दार लावून बोलता येईल अशी एक छोटी खोली आणि त्यात एक फोन द्यावा.