एक गोष्ट, दोन चित्रपट

जपानमधील एक गरीब खेडे. पीक तयार झाले की दरोडेखोर ते लुटून नेत. शेवटी गावकऱ्यांनी रक्षणासाठी सात सामुराई, म्हणजे तलवारबहाद्दर योद्धे, आणले. मोबदला काय? पोटभर भात! गावकरी स्वतः मात्र भरड धान्य खात. अकिरा कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराई' (१९५४) या चित्रपटाची ही गोष्ट.

हॉलिवूडला ती आवडली. जॉन स्टर्जेस यांनी १९६० साली तिच्यावरून 'द मॅग्निफिसंट सेव्हन' काढला. खेडे मेक्सिकोतील झाले, सामुराईंच्या जागी पिस्तूलवाले घोडेस्वार आले. दोन्हीकडे सातांपैकी चौघे मरतात. मग फरक कोठे पडला?

जपानी चित्रपटात दरोडेखोरांकडे अवघ्या तीन बंदुका आहेत, पण चारही सामुराई गोळीनेच मरतात. तलवारीचे दिवस सरले, हे कोणी न सांगता कळते. अमेरिकन चित्रपटात दोन्ही बाजूंना बंदुकाच. तेथे हे दुःख कसे येणार?

शेवटही बदलला. अमेरिकन चित्रपटातील तरुण कमरेचे पिस्तूल उतरवतो आणि आवडत्या मुलीसाठी गावातच राहतो. जपानी चित्रपटातील मुलगी तरुण सामुराईसमोर क्षणभर थांबते आणि काही न बोलता भातलावणीला निघून जाते.