चेन्नईतील शिंजीर : ओळख व आपत्कालीन आहार

हमिंगबर्ड हा केवळ अमेरिका खंडांतील पक्षी. भारतात तो आढळत नाही. तरीही मधुरस पिणाऱ्या, चकाकणाऱ्या शिंजीरास (सूर्यपक्ष्यास) अनेकजण हमिंगबर्ड समजतात. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून रस पितो. शिंजीर क्वचितच तसे करतो, एरवी फांदीवर किंवा देठावर बसूनच फुलात चोच खुपसतो.

चेन्नईच्या बागांत याच्या तीन जाती दिसतात. जांभळ्या पाठीचा शिंजीर सर्वांत लहान. नराचे पोट पिवळे, छातीवर तांबूस तपकिरी पट्टा. जांभळा शिंजीर नर विणीच्या काळात संपूर्ण निळा-काळा भासतो. विणीनंतर मात्र तो मादीसारखा पिवळसर होतो व गळ्यापासून पोटाकडे एक गडद रेघ तेवढी उरते. नवखे निरीक्षक येथेच चकतात. लोटेनच्या शिंजीराची चोच अधिक लांब व बाकदार, तर नराचे पोट मळकट तपकिरी असते.

चेन्नईत गोठवणारी थंडी नाही. जानेवारीतही रात्रीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. खरी कसोटी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात लागते. संततधारेत मधुरस धुऊन जातो, कीटकही दिसेनासे होतात. १२ डिसेंबर २०१६ च्या वरदा चक्रीवादळाने तर शहरातील हजारो वृक्ष उन्मळून पडले. इतक्या लहान देहात ऊर्जेचा साठा तो किती असणार?

अशा वेळी काही दिवस साखरपाणी टांगून ठेवावे. एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. उकळून पूर्ण निववावे. रंग, गूळ वा मध घालू नये. मधाच्या द्रावणास बुरशी लवकर धरते. दमट हवेमुळे द्रावण रोज बदलावे, भांडे गरम पाण्याने धुवावे. फुले पुन्हा उमलू लागताच हा पुरवठा थांबवावा.

तथापि साखरपाण्यावर पिले वाढत नाहीत. त्यांना कीटक व कोळी लागतात. म्हणून शेवगा फुलोऱ्यात असताना कीटकनाशकाची फवारणी टाळणे अधिक मोलाचे. बांधावर जास्वंद, अडुळसा, पांगारा लावावा.

आंबा बागायतदारांची एक तक्रार रास्त आहे : बांडगुळाच्या फुलांचे परागीभवन शिंजीर करतो. परंतु त्याचे बी पसरवतो तो फुलटोच्या. बांडगूळ फळे धरण्यापूर्वीच, ते रुजलेल्या भागाच्या खालून फांदीसह कापून काढावे.