कार्ड उडालंय म्हणण्याआधी

मेमरी कार्ड लॅपटॉपमध्ये सारलं की कधी कधी पडद्यावर एक चौकट येते: हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? भाच्याच्या मुंजीचे फोटो उतरवताना मला ती दिसली. शेजारी बहीण खुर्ची ओढून बसलेली. "दादा, मातृभोजनाचे आधी दाखव," एवढंच तिचं म्हणणं.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन लावला. त्यानं कार्ड न बघताच निकाल दिला, "काका, कार्ड उडालंय. फॉरमॅट मारा, रिकव्हरीचं नंतर बघू." मी काही मारलं नाही. हेच फोटो थोड्या वेळापूर्वी आम्ही कॅमेऱ्यावर बघितले होते. तेवढ्यात कार्ड मरेल कसं? आमचं कार्ड मायक्रो एसडी, म्हणजे मोठ्या कार्डाच्या आकाराच्या ॲडॅप्टरमध्ये बसवलेलं. मेहुण्यांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत तसा आणखी एक ॲडॅप्टर निघाला. आतलं नखाएवढं कार्ड त्यात घातलं आणि सगळी मुंज पडद्यावर आली.

मग तो पहिला ॲडॅप्टर उजेडात धरून बघितला. मागच्या पट्ट्यांमधली प्लॅस्टिकची एक कड तुटलेली, एक पट्टी आत दबलेली, बाकीच्यांची चकाकी गेलेली. ॲडॅप्टरला डोकं नसतं. मायक्रो एसडीचे आठ संपर्क मोठ्या कार्डाच्या नऊ संपर्कांच्या जागी नेऊन पोचवायचे, एवढंच त्याचं काम. त्यातला एखादा नीट टेकला नाही, तर कार्डावरची फायलींची यादी लॅपटॉपला वाचता येत नाही आणि तो खुशाल कार्ड कोरं समजतो. कार्डाबरोबर फुकट आलेली ही वस्तू आपण वर्षानुवर्षं वापरतो आणि खापर फोडतो कार्डावर.

तेव्हा ती चौकट दिसली की 'रद्द' करा, कार्ड काढा, ॲडॅप्टर बदलून बघा. तोंडानं फुंकर मारायची आपली सवय इथे सोडा. श्वासातली वाफ संपर्कांवर बसते. कोकणासारख्या दमट हवेत ते तसेही काळवंडतात. स्वच्छ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

लॅपटॉप जुना असेल तर वेगळीच भानगड असू शकते. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी जातीची, त्यावरची एसडीएक्ससी. जुनी खाच ६४ जीबीचं कार्ड घेते, पण वाचताना अडते आणि पुन्हा तीच फॉरमॅटची चौकट दाखवते. माझं मत विचाराल तर ॲडॅप्टरच्या नादी लागूच नये. मायक्रो एसडीची स्वतःची खाच असलेला यूएसबी कार्ड रीडर घ्यावा. तो फार महाग नसतो.

ॲडॅप्टरच वापरायचा असेल, तर त्याच्या डाव्या कडेची सरकती कळ फोटो उतरवण्यापुरती 'लॉक'वर ठेवा. गंमत म्हणजे कार्डाला या कळीचा पत्ताच नसतो. ती कुठे आहे हे खाचेतला स्विच चाचपतो. बहुतेक रीडर तिला मानतात, म्हणजे चुकून फॉरमॅटवर बोट पडलं तरी कार्डावर काही लिहिलं जात नाही. कॅमेऱ्यात परत घालताना मात्र कळ उघडा. कार्डावर काहीच पुसता वा लिहिता येत नाही अशी तक्रार असेल, तरी आधी ही कळच बघा. सैल झाली की कार्ड आत सारतानाच ती खाली घसरते.

फोटो कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. कार्डावरचा फोटोंचा डीसीआयएम फोल्डर अख्खा लॅपटॉपवर घ्या आणि दोन्हीकडच्या फायलींची संख्या व आकार ताडून बघा. नुसत्या छोट्या चित्रांवर विसंबू नका. मधले आणि शेवटचे काही फोटो मोठे करून उघडा, व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा. एवढं झाल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं.

आणि कुणी आधीच फॉरमॅट मारलं असेल तर? झटपट फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा यादीच पुसली जाते, फोटो जागच्या जागी असतात. त्यांच्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र गेले. म्हणून त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम असे फोटो शोधून काढतो. सापडलेलं तो कुठे ठेवायचं ते विचारेल, तेव्हा लॅपटॉपवरचा फोल्डर द्या, तेच कार्ड नव्हे; नाहीतर सापडलेला एक फोटो न सापडलेल्या दुसऱ्यावर जाऊन बसेल.