प्रवाळाचे स्थलांतर

प्रवाळ हा दगड नसून समुद्रातील प्राणी आहे, हे बिदर-कलबुर्गीच्या पठारावरील शाळेत सांगितल्यास मुलांना प्रथम नवल वाटते. कठीण प्रवाळाला चुनखडीचा सांगाडा असतो. मृदू प्रवाळाला तो नसतो. शोभेच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ हलवावयाचा झाल्यास हाच भेद ध्यानी घ्यावा लागतो. कठीण प्रवाळ खडकास चिकटविता येतो. मृदू प्रवाळाचा देह बुळबुळीत व आकसणारा. त्यावर चिकटद्रव्य टिकत नाही. म्हणून तो मऊ जाळीखाली खडकावर सैलसर बसवितात. दोरा आवळला तर देहच कापला जातो. काही आठवड्यांत तो स्वतः खडक धरतो. मग जाळी काढावी. नव्या जागी एकदम प्रखर प्रकाश देऊ नये. त्यास अन्न पुरविणारी देहातील सूक्ष्म शैवले बाहेर पडून तो पांढरा पडतो.

असे स्थलांतर प्रत्यक्ष समुद्रातही झाले आहे. मुंबईच्या किनारी मार्गाच्या कामात २०२० साली हाजीअली व वरळी येथील प्रवाळ गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली हलविण्यात आले. ते कठीण जातीचे होते. ही जात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यासाठी वनविभागाची परवानगी आवश्यक ठरली. कोकणच्या सहलीहून शाळेसाठी असा तुकडा आणू पाहणाऱ्या शिक्षकांनाही हा कायदा लागू आहे.