संगणक जागा होतो तेव्हा : मुक्त फर्मवेअर आणि विद्यार्थी-मार्गदर्शन उपक्रम

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचे चित्र उमटेपर्यंत जे काही सेकंद जातात, त्यांचा विचार आपण सहसा करीत नाही. वस्तुतः त्या सेकंदांत मोठे काम चाललेले असते, आणि ते करणारी आज्ञावली विंडोजही नसते व लिनक्सही नसते. ती संगणकाच्या मुख्य फलकावरील एका लहानशा चिपमध्ये कायमची वस्तीला असते. तिला फर्मवेअर म्हणतात. हे फर्मवेअर कोणालाही वाचता यावे, तपासता यावे, दुरुस्त करता यावे अशा रीतीने लिहिणारे काही गट जगात आहेत आणि ते नवशिक्या तरुणांना हाताशी धरून काम शिकवितात. आपल्या विद्यालयातून अभियांत्रिकीला गेलेली मुले सुट्टीत भेटावयास येतात तेव्हा त्यांची एक तक्रार हटकून असते : इंटर्नशिप मिळवायची तर ओळख लागते. ओळखीवाचून जेथे प्रवेश करता येतो असे एक दार त्यांना व त्यांच्या पालकांना दाखवावे, एवढ्यासाठी हा अभ्यासलेख. आम्ही इतिहास शिकवितो, म्हणून आरंभही इतिहासापासूनच करतो.

आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आणला. त्यातील फर्मवेअरला बायोस म्हणत. गंमत अशी की, या बायोसचा संपूर्ण सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेले त्याचे मूळ रूप, आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापून दिले होते. पुस्तिका विकत घ्यावी आणि वाचावी, त्याला आडकाठी नव्हती. परंतु त्यातील ओळी वापरण्याचा अधिकार वाचकाला नव्हता, कारण त्यावर कंपनीचा स्वामित्वहक्क होता. त्या संगणकासारखाच संगणक बनवू इच्छिणाऱ्या कॉम्पॅक कंपनीला म्हणून वेगळा मार्ग काढावा लागला. एका गटाने मूळ बायोस अभ्यासून त्याचे काम काय, एवढेच लिहून काढले. ज्यांनी ती पुस्तिका उघडूनही पाहिली नव्हती अशा दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा बायोस रचला. ज्ञान समोर उघडे ठेवलेले आहे, पण त्याला हात लावायचा नाही, या स्थितीचे वर्णन आपल्या वाचकांना अपरिचित वाटू नये.

याच्या उलट दिशेचा विचार रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाच्या घोषणेने मांडला. पुढे १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना सिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. कोणीही सोर्स कोड वाचावा, बदलावा, इतरांस द्यावा. मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्यास देताना तिचा सोर्स कोडही त्याच हक्कांसह द्यावा, अशी त्याची अट. घेतलेले पुढे कुलूपबंद करता येत नाही, ही त्यातील मर्माची गोष्ट होय.

फर्मवेअरच्या क्षेत्रात हा विचार १९९९ मध्ये शिरला. अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस हा प्रकल्प सुरू केला. अनेक संगणक एकत्र जोडून त्यांच्याकडून मोठी गणिते करून घ्यायची असत. अशा समूहातील प्रत्येक यंत्राला पडदा व कळफलक कोण लावणार? बाजारातील बायोस मात्र कळफलक नाही म्हणून वाटेतच अडून बसे. ज्या स्थळी दुसऱ्या महायुद्धात अणुबाँब घडविला गेला, तेथेच सर्वांसाठी खुल्या असलेल्या या आज्ञावलीचा जन्म व्हावा, हा इतिहासाचा एक विलक्षण योग. २००८ मध्ये प्रकल्पाचे नाव कोअरबूट झाले. आज अनेक शाळांतून वापरले जाणारे क्रोमबुक हे संगणक कोअरबूटवरच जागे होतात.

जागे होतात म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. वसतिगृहात पहाटे घंटा होते आणि सर्व मुले उठतात; परंतु घंटा देणाऱ्याला कोण उठविणार? संगणकापुढे हाच प्रश्न असतो. वीज आली त्या क्षणी मुख्य स्मृती, जिला आपण रॅम म्हणतो, ती वापरण्याजोगी नसते. तिला चालू करण्यासाठी आज्ञावली हवी आणि आज्ञावली चालविण्यासाठी स्मृती हवी, असा हा पेच आहे. इंटेल व एएमडीच्या घराण्यातील प्रोसेसर जागा होताच ४ जीबीच्या सीमेच्या अलीकडे १६ बाइटवर असलेल्या पत्त्याकडे पाहतो. तो पत्ता फर्मवेअरच्या चिपकडे नेतो. १६ बाइटांत मावते ती जवळजवळ एकच आज्ञा : अमुक ठिकाणी जा. कोअरबूटमध्ये तेथून बूटब्लॉक नावाचा पहिला टप्पा चालू होतो. रॅम अजून नाहीच, म्हणून प्रोसेसरच्या पोटातील कॅश ही छोटीशी स्मृती काही काळ रॅम म्हणून वापरली जाते. त्या उसन्या जागेत बसून रॉमस्टेज हा टप्पा खरी रॅम चालू करतो. मग रॅमस्टेज येतो. तो फलकावरील इतर उपकरणे शोधून त्यांना कामास लावतो. शेवटी पेलोड नावाच्या आज्ञावलीकडे सूत्रे जातात आणि ती लिनक्स वा अन्य प्रणाली सुरू करते.

हे सारे बहुतांशी सी भाषेत लिहिलेले आहे. आपल्या महाविद्यालयांतून सी भाषा पहिल्याच वर्षी शिकवितात आणि परीक्षा संपताच मुले ती विसरतात. येथे मात्र तिचाच रोजचा व्यवहार असतो. एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आजच्या इंटेल प्रोसेसरांवर रॅम चालू करण्याचे काम करणारा भाग कंपनी बंद स्वरूपात देते आणि कोअरबूटला तो तसाच वापरावा लागतो. म्हणजे मुक्ततेचे हे काम अजून पुरे झालेले नाही, आणि म्हणूनच नव्या हातांची गरज आहे.

आता उपक्रमाकडे वळू. गूगल कंपनीने २००५ मध्ये ‘समर ऑफ कोड’ नावाचा वार्षिक उपक्रम सुरू केला. मुक्त आज्ञावली लिहिणाऱ्या संस्था त्यात सहभागी होतात, आपल्याकडील कामांची यादी देतात, आणि निवडलेल्या प्रत्येक तरुणास त्या संस्थेतील अनुभवी व्यक्ती मार्गदर्शक म्हणून लाभते. मार्गदर्शक हे काम स्वेच्छेने करतो. तरुणास गूगलकडून विद्यावेतन मिळते, ज्याची रक्कम देशोदेशीच्या क्रयशक्तीनुसार ठरते. लिनक्सबायोस या नावाने २००७ मध्ये आणि पुढे कोअरबूट म्हणून अनेक वर्षे हा प्रकल्प त्यात उतरला आहे. २०२० च्या उन्हाळ्यात त्यातील एका विद्यार्थ्याने ॲड्रेस सॅनिटायझर ही सोय कोअरबूटमध्ये आणली. आज्ञावलीने आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात लावला की ही सोय तेथल्या तेथे ओरड करते. एका उन्हाळ्याचे काम, पण आजही उपयोगी पडणारे.

अटी फार नाहीत. वय १८ पूर्ण हवे आणि उमेदवार विद्यार्थी किंवा मुक्त आज्ञावलीच्या क्षेत्रात नवखा हवा. २०२२ पासून तो महाविद्यालयाचा विद्यार्थीच असावा ही अटही उठली, त्यामुळे नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. प्रकल्प साधारण ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. ३५० तास १२ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला २९ तास पडतात; १७५ तासांचा प्रकल्प घेतला तर १५ पेक्षा थोडे कमी. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा मे-जूनमध्ये लांबतात, हे ध्यानात घेऊनच निवड करावी आणि परीक्षेच्या तारखा अर्जात आधीच लिहाव्यात. विद्यावेतन दोन हप्त्यांत येते, आणि दोन्ही वेळा मार्गदर्शकाच्या मूल्यमापनात उत्तीर्ण व्हावे लागते. अर्जाला शुल्क नाही. ‘प्रवेश मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर पालकांनी त्याला उंबरठ्याबाहेरच ठेवावे.

अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास घेतले जातात, पण खरी निवड त्यापूर्वीच होऊन गेलेली असते असे म्हटले तरी चालेल. कोअरबूटसारखे गट अर्जदाराचे गुणपत्रक मागत नाहीत. त्याने आधी काय करून दाखविले ते पाहतात. म्हणून सुरुवात दिवाळीपासून करावी. लिनक्स प्रणालीवर काम करण्याची सवय, सी भाषेतील पॉइंटर व बिटांची उलटापालट, षोडशमान अंकलेखन आणि गिट हे साधन, एवढी शिदोरी प्रथम बांधावी. मग कोअरबूटचा सोर्स कोड उतरवून घेऊन क्यूईएमयू या आज्ञावलीवर चालवून पाहावा. क्यूईएमयू ही संगणकाच्या आत उभी केलेली संगणकाची नक्कल होय. तिच्यामुळे एक रुपयाचे यंत्रही विकत न घेता फर्मवेअर जागे होताना ओळ न् ओळ पाहता येते. जुन्या लॅपटॉपवर लागणारी साधने तयार होण्यातच काही तास जातील. ते जाऊ द्यावेत.

त्यानंतर एखादी छोटी दुरुस्ती करून ती गटाकडे पाठवावी. येथे गेरिट नावाची तपासणीची व्यवस्था आहे. पाठविलेली दुरुस्ती सर्वांना दिसते, यंत्र ती अनेक फलकांसाठी आपोआप बांधून पाहते, आणि इतर जाणकार ओळीओळीवर शेरे लिहितात. जगाच्या वेगवेगळ्या भागांतील लोकांना पाहावयास वेळ मिळावा म्हणून दुरुस्ती सामान्यतः २४ तास तरी थांबवून ठेवतात. कोणी कितीही जुना असला तरी स्वतःच्याच कामावर मान्यतेची अंतिम मोहोर उठविणे तेथे शिष्टसंमत नाही. दुरुस्तीखाली आपले नाव सही म्हणून लिहावे लागते. हे काम देण्याचा मला अधिकार आहे, असे ते प्रतिज्ञापत्र असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या व्यवस्थेचा हेवा वाटावा. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी बदलली याची नोंद गिटमध्ये वर्षानुवर्षे जपलेली असते. राजेरजवाड्यांच्या दफ्तरांत कारण क्वचितच सापडते.

आपल्या मुलांना अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. चारचौघांत कोणी चूक दाखविली की आपला अपमान झाला, अशी त्यांची भावना होते, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी तसा अपमान खरोखरच सोसलेला असतो. तपासणीतील शेरे कोरडे असतात. ‘हे असे का?’ एवढेच कोणी लिहितो. तो माणसावरचा शेरा नसून ओळीवरचा असतो, जुन्या-जाणत्यांच्या कामावरही तसेच शेरे पडतात. उत्तर द्यावे, पटले तर बदल करावा, न पटले तर कारण सांगावे. मार्गदर्शक म्हणजे अंगठा मागणारा गुरू नव्हे. त्याच्याशी मतभेद चालतो. आठ-आठ दिवस मौन मात्र चालत नाही.

प्रश्न विचारण्याची रीतही शिकावी लागते. ‘आदरणीय सर, मला यातील काही येत नाही, कृपया मार्गदर्शन करावे’ असे पत्र आपल्याकडे नम्र समजले जाते, पण समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘मी अमुक फलकासाठी फर्मवेअर बांधले. रॅमस्टेज सुरू होईल अशी अपेक्षा होती. रॉमस्टेजच्या शेवटी ते थांबले. पडद्यावर आलेला मजकूर सोबत जोडला आहे. मी या दोन गोष्टी तपासून पाहिल्या.’ पाच लहान वाक्ये इंग्रजीत लिहिण्यास इंग्रजी माध्यमात शिकलेले असावे लागत नाही. असा प्रश्न एकट्या मार्गदर्शकाला खासगीत न विचारता गटासमोर विचारावा. म्हणजे उत्तर लवकर येते आणि पुढच्या नवशिक्यालाही ते सापडते. तेथे वडीलधाऱ्यांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्या संस्कारात वाढलेल्या मुलाला ते जड जाईल, पण तेथे तो उद्धटपणा मानला जात नाही.

प्रस्ताव स्वतःच्या शब्दांत लिहावा. कोणत्या आठवड्यात काय करणार, अडल्यास कोणता भाग सोडणार, हे त्यात असावे. यंत्राकडून लिहवून घेतलेला गुळगुळीत प्रस्ताव रोज सोर्स कोड वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. बहुसंख्य अर्ज नाकारले जातात, हेही घरी आधीच सांगून ठेवावे. परंतु स्वीकारली गेलेली दुरुस्ती अर्ज नाकारल्यावर पुसली जात नाही. ती नावासह तेथेच राहते, आणि बंगळूर वा हैदराबादच्या चिप कंपन्यांत मुलाखतीस जाताना ती दाखविता येते. शेजारच्या श्रीलंकेतील मोरातुवा विद्यापीठाने समर ऑफ कोडच्या पहिल्या दशकात जगात सर्वाधिक विद्यार्थी निवडून आणले, ते जुन्या विद्यार्थ्यांनी नव्यांना हे सारे समजावून दिल्यामुळेच असावे, असे आमचे मत आहे.

पालकांसाठी एक सूचना. कर्ज काढून घेतलेल्या घरातील एकुलत्या लॅपटॉपवर प्रयोग करू देऊ नये. चुकीचे फर्मवेअर चिपमध्ये गेले तर यंत्र मुळी जागेच होत नाही. मग चिपला चिमटा लावून बाहेरून ती पुन्हा लिहावी लागते. काही चिप ३.३ व्होल्टच्या तर काही १.८ व्होल्टच्या असतात, गल्लत झाली तर चिप जळते. लिहिण्यापूर्वी मूळ मजकुराच्या दोन प्रती काढून त्या जुळतात का हे पाहण्याची शिस्त हवी. शिवाय अनेक नवी यंत्रे कंपनीची सही असल्याखेरीज दुसरे फर्मवेअर स्वीकारतच नाहीत.

ज्यांना आणखी एक वाट हवी त्यांनी आउटरीची या उपक्रमाकडे पाहावे. तो वर्षातून दोनदा होतो, सुमारे तीन महिने चालतो, घरी बसून काम करता येते आणि त्यालाही विद्यावेतन आहे. त्यातील संस्था व कामे वेगवेगळी असतात. फर्मवेअर दरवेळी असेलच असे नाही. त्याच्या पहिल्याच अर्जात उमेदवाराने आपल्या देशातील तंत्रक्षेत्रात आपल्यासारख्यांना कोणत्या भेदभावाला तोंड द्यावे लागते हे लिहावयाचे असते. आपल्या मुलामुलींनी या प्रश्नाचे उत्तर लपवून, आडवळणाने लिहू नये. जे घडले ते, जेथे घडले तेथले, साध्या शब्दांत लिहावे.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. थिंकपॅडची एक्स २२०, एक्स २३०, टी ४३० ही जुनी यंत्रे कोअरबूटवर चालतात आणि कार्यालयांतून ती केव्हाच बाद झाली आहेत. कोणाच्या कपाटात असे यंत्र पडून असेल तर ते चार्जरसह विद्यालयाच्या संगणक कक्षात पाठवावे. बॅटरी गेलेली असली तरी चालेल.