पाचर, पास्कल आणि आपला बंब

सकाळी सहाला बादली घेऊन रांगेत उभं राहताना हे गरम पाणी येतं कुठून, असा विचार कधी केलाय? गच्चीवरचा सोलर जुलैत रुसून बसतो. मग सगळी भिस्त मेसमागच्या मोठ्या बंबावर. त्याला लागतं सरपण, आणि ते फोडायला पत्र्याच्या शेडमध्ये एक हायड्रॉलिक मशीन आहे, आपल्याच वर्कशॉपमध्ये सीनियर्सनी बनवलेलं. फ्लुइड पॉवरच्या सबमिशनसाठी मी महिनाभर त्याच्यामागे होतो. थिअरी मला येत होती, बाकी सगळं बंबावरच्या काकांनी शिकवलं. कॉन्व्हेंटमुळे मला ‘वेज’ माहीत होता, ‘पाचर’ हा शब्दसुद्धा त्यांचाच!

आधी आकडे. सिलिंडरचा बोअर ८० मि.मी., म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५० चौ. सें.मी. रिलीफ व्हॉल्व्ह १५० बारला सेट केलेला. गुणाकार करा, साडेसात टन जोर येतो. पंप ८ सी.सी.चा, मोटर १४४० आर.पी.एम.ची, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेअकरा लिटर तेल. स्ट्रोक ५०० मि.मी.चा असल्यामुळे पुढे जायला अडीच लिटर तेल आणि तेरा सेकंद लागतात. परत येताना ४० मि.मी.च्या रॉडने आतली जागा खाल्लेली असते, म्हणून तेल कमी लागतं आणि दहा सेकंदांत काम होतं. मात्र तेव्हा जोरही कमी असतो. हे सगळं पाच एच.पी.च्या मोटरला झेपतं. (व्हायव्हाला हाच प्रश्न आला होता, लक्षात ठेवा.)

पण खरी गंमत प्रेशर गेजमध्ये आहे. ओंडका पाचरीला टेकला की काटा झपकन वर चढतो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि काटा धाडकन खाली. लाकूड रेषेच्या दिशेने जितकं मजबूत, तितकंच आडव्या दिशेने कच्चं असतं. पाचर एकदा आत घुसली की चीर तिच्या पुढे पळते, पुढचं काम नुसतं फाकवण्याचं. म्हणजे जोर लागतो तो फक्त पहिल्या एक-दोन इंचांना. म्हणूनच बाजारातल्या बऱ्याच मशीनना दोन स्टेजचा पंप असतो, भार नसताना भरपूर तेल आणि भार आला की थोडं तेल पण जास्त प्रेशर. आपल्याकडे एकच स्टेज आहे. तेरा सेकंद धीर धरावा लागतो, त्याला इलाज नाही.

बाभळीचा ओंडका सरळ असेल तर छान फुटतो. गाठ असेल तर ती पाचरीच्या समोर आणायची नाही, ओंडका फिरवून कडेच्या ढलप्या आधी काढायच्या. निलगिरीच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, वाळली की ती हट्टाला पेटते. म्हणून काका ती ओली असतानाच फोडतात. ओंडका आडवा ठेवून रेषेवर पाचर मात्र कधी घालू नका, लाकूड फुटून उडतं. आणि फोडलेलं लाकूड लगेच बंबात घालायचं नाही, वाळू द्यायचं. लाकडातलं एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६१० किलोकॅलरी जातात. ही उष्णता तुमच्या बादलीत न येता धुराड्यातून वर जाते.

आता जे लिहायला थोडं जड जातंय ते. एके दिवशी ओंडका तिरका कापलेला होता, टेकत नव्हता. काकांनी तो हाताने धरला, लिव्हरवर मी. मोटरच्या आवाजात काका म्हणाले, “थांब!” मला ऐकू आलं, “दाब!” प्लेट सेकंदाला चार सेंटिमीटरच सरकते, बघताना अगदी गोगलगाय वाटते. पण बोटाची जाडी पार करायला तिला अर्धा सेकंद पुरतो. काकांचे हातमोजे दोन नंबर मोठे होते म्हणून बोटं निसटली. मोज्याची टोकं प्लेट आणि ओंडक्यामध्ये चपटी झाली होती, मी ती अजून जपून ठेवली आहेत. काकांनी मोटर बंद केली आणि एवढंच म्हणाले, “चल, चहा पिऊ.” मला तो चहा गिळवेना.

तेव्हापासूनचा नियम: ओंडका ठेवणारा आणि लिव्हर दाबणारा माणूस एकच. दुसऱ्याने दोन मीटर लांब उभं राहायचं. शिवाय आम्ही दुसरी लिव्हर बसवली. दोन्ही हात गुंतले तरच प्लेट पुढे जाते, एक हात सुटला की थांबते. आधी लिव्हर सुतळीने बांधायची सवय होती, ती सुतळी मी स्वतः जाळली. तिरक्या टोकाचे ओंडके आता आधी सरळ कापून घेतो.

देखभालीत पहिलं लक्ष तेलावर. आपल्या हवेला ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल ठीक. लेव्हल बघायची ती रॉड पूर्ण आत असताना, नाहीतर टाकी भरून वाहते (वाहिली आहे!). तेल ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, फेस आला तर सक्शनच्या जोडातून हवा ओढली जातेय. पंपात खडे खुळखुळल्यासारखा आवाज आला तर लगेच बंद करून सक्शनची जाळी साफ करायची. जोर कमी वाटला म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पिळणारे महाभाग असतात. त्यांनी आधी फिल्टर, तेल आणि पाचरीची धार बघावी. होज झिरपतोय का हे हाताने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत घुसतं. वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण ते तातडीच्या ऑपरेशनचं प्रकरण असतं. मोटर चालू असताना लांबून पुठ्ठा धरायचा, आणि जोड खोलण्याआधी मोटर बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर सोडायचं.

लाइनचं काही काम झालं असेल तर मोटर सुलटी फिरतेय ना, हे क्षणभर चालवून बघा. फेज बदलले की ती उलटी फिरते, आणि गिअर पंपाला ते सोसत नाही. पावसाळ्यात टाकीच्या ब्रीदरवर डबा पालथा घाला. काम संपल्यावर रॉड पुसून पूर्ण आत घ्या, उघडा राहिला तर त्यावर गंज धरतो आणि तोच गंज पुढच्या स्ट्रोकला सील कापतो. गेल्या ऑगस्टमध्ये आपण सील बदललं ते याचमुळे. त्या दोन दिवसांत काकांनी घण घेऊन हाताने लाकडं फोडली, आणि पाणी तरीही सहालाच गरम होतं.