वाढवता येईल म्हणाले होते

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीत आणि माहेरीही सगळ्यांचा समज झालाय की हिने स्वस्ताच्या नादात कसलातरी लॅपटॉप उचलून आणला. मी विचारलं होतं. दुकानात काउंटरपाशी उभी राहून, विक्रेत्याला समोरासमोर विचारलं होतं, की उद्या यातली जागा कमी पडली तर वाढवता येईल का. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो, एक टीबी तक बढेगा." तेवढ्यावर मी थांबले नाही. घरी येऊन पैसे भरायच्या आधी व्हॉट्सअॅपवर परत विचारलं. उत्तर आलं, "हां जी, वन टीबी तक एक्सपांडेबल." तो मेसेज मी जपून ठेवलाय.

मुलगा बीएस्सी आयटीला. दुसऱ्या वर्षाला लॅपटॉपशिवाय भागेना. वीस हजारांच्या वर जायची ऐपत त्या महिन्यात नव्हती, तसं दुकानदारालाही सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्याने जो दाखवला तो एकोणीस हजारांच्या आसपास बसला: सेलेरॉन प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज, वर बॅग आणि माऊस फुकट. नवा कोरा, हलका, दिसायला छान. भाईंदरच्या गोडदेव नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं दुकान, म्हणजे काही झालं तर जाऊन विचारता येईल, हाही एक हिशेब होता.

64 जीबी म्हणजे काय ते मशीन चालू केल्यावर कळतं. विंडोज त्यातले साठाच्या आतच दाखवतं. त्यातली मोठी जागा विंडोज स्वतःच खाऊन बसतं, शिवाय पुढच्या अपडेटसाठी म्हणून सातेक जीबी वेगळी राखून ठेवतं. मग ऑफिस आलं, ब्राउझर आला, कॉलेजचं काय काय आलं. कागदोपत्री हे मशीन विंडोज 11च्या अटीत बसतं, कारण मायक्रोसॉफ्टची किमान अट 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज हीच आहे. पण ती अट विंडोज बसवण्यापुरती आहे, त्यावर काम करण्यापुरती नव्हे. हे विकणाऱ्याला माहीत असतं. अँड्रॉइड स्टुडिओ हा मुलाच्या अभ्यासातला भाग, आणि त्याला एकट्यालाच किमान 8 जीबी रॅम लागते. इथे विंडोज सुरू होतानाच निम्म्याहून अधिक रॅम संपलेली असायची. जागा कमी असल्याची पाटी रोज झळकू लागली. मुलगा फोटो काढून टाकायचा, टेम्प फाइल्स पुसायचा, अपडेट पुढे ढकलायचा. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री अपडेट अर्धवट अडकलं आणि तो पहाटेपर्यंत जागा राहिला. त्या दिवशी ठरवलं, दुकानदार एक टीबी म्हणतो तर एक टीबी नको, पण निदान अडीचशे जीबीची एसएसडी बसवून घेऊ.

दुकानात फोन केला तर "सर्व्हिसवाला लडका छुट्टी पे है". हे उत्तर इतक्या वेळा मिळालं की शेवटी मीच मशीन पिशवीत घातलं, भाईंदरहून लोकल पकडली आणि ग्रँट रोडला उतरले. स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथे एका जिन्याखाली टेबलाएवढ्या जागेत बसणाऱ्या कारागिराकडे ऑफिसातल्या एकाने पाठवलं होतं.

त्याने मशीन पालथं केलं. मागचे रबराचे पाय नखाने उचलले, त्याखाली दडलेले स्क्रू काढले, प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवली आणि टकटक आवाज करत तळ सुटा झाला. आत निम्म्याहून जास्त जागा बॅटरीची. बाकी तळहातापेक्षा थोडं मोठं सर्किट बोर्ड. त्यावर एका कोपऱ्यात पांढऱ्या रेघेची लांबट चौकट छापलेली होती, आणि चौकटीच्या टोकाला चंदेरी ठिपक्यांची बारीक रांग. चिमट्याचं टोक त्या रांगेवर टेकवून तो म्हणाला, "ताई, हे बघा. एसएसडीचं सॉकेट इथे असतं. वरच्या मॉडेलला लावतात. तुमच्या मशीनला कंपनीने लावलेलंच नाही." मग चिमटा सरकवून शेजारची काळी चौकोनी चिप दाखवली. "हे तुमचं स्टोरेज. आणि ह्या दोन चिपा म्हणजे रॅम. सगळं बोर्डावर डाग दिलेलं. ह्यात काही निघत नाही, काही बसत नाही."

माझे कान गरम झाले. जागा आहे, चौकट आखलेली आहे, फक्त सॉकेट नाही, आणि त्यामुळे मुलाचं मशीन आहे तिथेच थांबलं. चिप तापवून उचलायची आणि मोठी बसवायची, असं करणारे हात त्या बाजारात आहेत. पण त्यानेच सांगितलं की ह्या किमतीच्या मशीनवर तो खर्च आणि ती जोखीम परवडत नाही. मशीन उघडून बंद करायचे पैसे त्याने घेतले नाहीत. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पैसे ज्याने घेतले त्याची वागणूक आता पुढे येते.

मी थेट दुकानात गेले. विक्रेता मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, मालक पुढे आला. मी मेसेज दाखवला. त्याने शांतपणे ड्रॉवर उघडला, एक मेमरी कार्ड काढलं, नखाएवढं, ते लॅपटॉपच्या कडेच्या फटीत सरकवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ये देखो, डी ड्राइव्ह आ गया. बढ गया ना?" मोबाइलचं कार्ड! त्यावर विंडोज चालत नाही, प्रोग्रॅम टाकले तर रखडत चालतात, आणि कार्ड एक दिवस बिघडलं तर सगळं गेलं. मी हे सगळं बोलले. त्यावर, दुकानात दुसरी गिऱ्हाइकं उभी असताना, तो म्हणाला, "आंटी, बीस हजार में क्या मॅकबुक चाहिए?"

मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात हिशेब लिहिते. आमच्याकडे 304 आणि 202 असे पत्र्याचे ग्रेड येतात. पॉलिश मारल्यावर दोन्ही सारखेच चमकतात, पण 304मध्ये निकेल जास्त, म्हणून तो महाग. 202चा माल 304 सांगून दिला तर व्यापारी केमिकलचा थेंब टाकून बघतो आणि सगळा लॉट परत पाठवतो. "एवढ्या पैशात काय चांदी पाहिजे का" असं आमच्या शेठने कुणाला ऐकवलेलं मी पाहिलं नाही. 202 विकणं गुन्हा नाही, 202 म्हणून विका. तसंच, कमी पैशात कमी मिळतं हे मलाही मान्य आहे. पण जे मिळणार नाही ते मिळेल म्हणून सांगितलं, हा माझा मुद्दा आहे आणि तो पैशांवर अवलंबून नाही.

आता दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ नये म्हणून.

जाहिरातीत ईएमएमसी असं लिहिलेलं दिसलं, की ती बोर्डावर पक्की बसवलेली चिप समजा. मोबाइलच्या जातीची. तिच्या जोडणीची कमाल मर्यादाच सेकंदाला 400 एमबी, तर साधी साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते आणि एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे. बऱ्याच ठिकाणी ईएमएमसी हा शब्द गाळून नुसतं "फ्लॅश स्टोरेज" लिहितात. आकडा 64 असेल तर संशय धराच, 128 असेल तर विचारा.

रॅमचं त्याहून अवघड, कारण महाग मशीनमध्येही ती डाग दिलेली असू शकते. माहितीपत्रकात रॅमपुढे एलपीडीडीआर असं लिहिलं असेल तर ती जवळपास नेहमी बोर्डावरच असते. डीडीआर4 किंवा डीडीआर5 लिहिलं असेल तर दोन्ही शक्यता राहतात. रायझन 3 7320यू हा प्रोसेसर स्वस्त लॅपटॉपमध्ये फार दिसतो. तो फक्त एलपीडीडीआर5वर चालतो, म्हणून तसलं मशीन घ्याल तर निदान 8 जीबीचं घ्या, 16चं मिळालं तर उत्तम. पुढे त्यात भर पडणार नाही. दुकानातल्या चालू मशीनवर स्वतः बघता येतं: टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, खाली फॉर्म फॅक्टर लिहिलेलं असतं. तिथे "रो ऑफ चिप्स" आलं तर रॅम डाग दिलेली, "एसओडीआयएमएम" आलं तर निघणारी. विक्रेत्याच्या तोंडी शब्दापेक्षा ही एक ओळ जास्त खरी.

तेव्हा हिशेब असा करा. जे बोर्डाला चिकटलेलं आहे ते आजच पुरेसं घ्या, कारण त्याचा आकडा लॅपटॉप मरेपर्यंत बदलणार नाही. जे सॉकेटमध्ये बसतं त्यात आज काटकसर चालेल. 8 जीबी रॅम आणि 256 जीबीची निघणारी एसएसडी हे मशीन, 4 जीबी रॅम आणि 512 जीबीच्या मशीनपेक्षा घ्यावं. एसएसडी नंतर कधीही बदलता येते. मात्र "रॅम नंतर स्वस्तात टाकू" हा जुना सल्ला आता जपून वापरा. 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढलेत, कारण कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय.

मालिकेच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली, एकाच बॉडीत वेगवेगळे बोर्ड असतात, माझ्या मशीनने ते दाखवून दिलं. तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याचंच सर्व्हिस मॅन्युअल शोधा. लेनोवोचं पीएसआरईएफ नावाचं पान आहे, त्यावर रॅम बोर्डावर आहे की स्लॉटमध्ये, एम.2चे, म्हणजे एसएसडीचे, स्लॉट किती, सगळं सरळ लिहिलेलं असतं. डेल आणि एचपीचीही मॅन्युअलं मिळतात. आणि मग दुकानदाराला बिलावर लिहायला लावा: "एक एम.2 स्लॉट, रॅमचा एक स्लॉट रिकामा." लिहायला तयार नसेल तर उत्तर मिळालं.

जुने, कंपन्यांमधून निघालेले लॅपटॉप घ्यावेत का, असं मला आता सगळे विचारतात. मुलाकडे सध्या तसाच आहे. थिंकपॅड टी480, 2018चं मॉडेल, रॅमचे दोन स्लॉट, एसएसडी बदलता येणारी. जाड आहे, जड आहे, पण अँड्रॉइड स्टुडिओ चालतो. त्यासाठी भिशीचे पैसे मोडावे लागले, तो राग वेगळा. घेताना इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच बघा, त्याआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11च्या यादीत नाहीत आणि विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, ते दुकानातच चालू करून पाहा. बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे बॅटरी किती झिजली ते. बाकी नेहमीचंच. घाई करू नका, चार दुकानं फिरा, जाणकाराला सोबत न्या, फुकटच्या बॅगेकडे बघू नका.

माझ्या बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलंय. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस धरतात. मालाबद्दल खोटं सांगून विकणंही त्याच व्याख्येत येतं. मालकाला हे सांगितलं तर "जाओ कोर्ट में" म्हणाला. मग 1915 वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. नोंद झाली, दुकानाकडून उत्तर आलं नाही. तेव्हा जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या टाकता येतो. मी टाकलाय. तारीख लागली की गाळ्यातून रजा घेऊन, घोडबंदर रोडच्या बसने ठाण्याला जाणार आहे.